निर्मळ पान

चंद्रभागाबाईच्या तोंडाला लागू नये, हे हिवरवाडीत पोराला चालता यायच्या आधी शिकवत. तिच्या हाताला लागू नये, हे मात्र ज्याचं त्यानं स्वतःच्या अंगावर शिकायचं असे. माहेर तिचं कडा गावचं. लग्न होऊन नांदूरघाटाच्या खालच्या अंगाला या वाडीत आली आणि वर्षाच्या आत थोरल्या दिराच्या पाठीत तिनं मुसळ घातलं. दिरानं काय केलं होतं ते कुणी विचारलं नाही, कारण दीर कसा आहे हे सगळ्यांना ठाऊक होतं. पुढं तेलगावच्या बाजारात बैलांच्या एका दलालानं तिचा दंड धरला, तर तिनं त्याच्या कानाची पाळीच दातात धरली. ती पाळी थुंकून मग ती शांतपणे मिरच्या निवडायला बसली, असं लोक सांगत. मिरच्यांचा भाग मागाहून लावलेला असावा. पाळी गेली हे खरं, कारण तो दलाल पुढं कैक वर्षं फेटा वाकडा बांधून हिंडत होता.

तिचा नवरा आश्रुबा गायीसारखा गरीब. जातीनं कोळी. पाणी भरायचं आणि विहिरीतला गाळ-शेवाळ काढायचं, हा पिढीजात धंदा. विहिरीच्या काठाशी वहाणा काढून हात जोडल्याशिवाय तो आत उतरत नसे. विहिरीत उभं राहून खोटं बोलू नये, शिवी देऊ नये, अशी त्याच्या बापाची शिकवण होती आणि ती त्यानं पाळलीही होती. सगळ्या गावावर हात उचलणाऱ्या चंद्रभागाबाईनं त्याच्यावर कधी उचलला नाही. पोटी लेकरू नव्हतं, त्यामुळं आहे तो जीव एवढाच, असं ती उघड म्हणायची.

साल निजामाच्या फसली गणतीनं तेराशे तीसच्या, म्हणजे इसवी एकोणीसशे वीसच्या आसपासचं असेल. वाडीच्या शाळेवर मोहनराव नावाचे मास्तर होते. माणूस हौशी. औरंगाबादेहून त्यांनी एक पितळी खुर्दबीन पैदा करून आणली होती. उभी नळी, वरच्या टोकाला डोळा लावायचा, खाली उन्हाचा कवडसा वर फेकायला वाटोळा आरसा. बारीक वस्तू मोठी दिसते म्हणून मास्तर तिला आधी मीठ दाखवत, मग माशीचा पाय दाखवत, आणि स्वतःच खुश होत.

सुंदरराव गावचे माली पाटील, म्हणजे सारा वसूल करणारे; चैत्रात आश्रुबा त्यांच्या विहिरीतलं पाणगवत उपसत होता. विहीर पाटलांच्या मळ्यातली, शाळेला लागून, पण पिण्याचं पाणी गाव तिथूनच भरायचं. मास्तरांनी त्या गवताचं एक कोवळं पान खुडलं, काचेवर पाण्याच्या थेंबात ठेवलं आणि लिंबाखाली टेबल मांडून सगळ्या गावाला हाक मारली.

नळीत डोळा घातला की हिरव्या खोल्या दिसायच्या. भिंतीला भिंत लागलेल्या, रांगेनं, माळवदावरून गल्ली बघावी तशा. आणि प्रत्येक खोलीत बारके हिरवे दाणे भिंतीकडेनं एकामागं एक चालत होते. थांबत नव्हते. कोपऱ्यात वळायचे आणि पुन्हा पहिल्या जागी यायचे. सुंदररावांचा चार-पाच वर्षांचा नातू आजोबांच्या कडेवरून बघून टाळ्या पिटायला लागला. चंद्रभागाबाईनं डोळा लावला आणि म्हणाली, "ह्ये तर घाण्याच्या बैलावानी फिरत्यात."

मास्तरांनी समजावून सांगितलं की हरेक झाड, हरेक पान अशाच खोल्यांचं बांधलेलं असतं. ते दाणे पानाचेच, पान त्यांच्याच जोरावर आपलं अन्न करतं. त्यात कुणाला अपाय नाही. गावानं मान डोलावली. मान डोलावणं आणि समजणं यांत किती कोसांचं अंतर असतं, हे मास्तरांना अजून कळायचं होतं.

वैशाखात पटकी आली. सकाळी मोट हाकणारा गडी सांजेला सरणावर, असं सुरू झालं. वाडीनं मरीआईचा गाडा सजवला आणि वाजतगाजत शेजारच्या शिवेपलीकडं ढकलला. तिकडचे लोक काठ्या घेऊन बसलेलेच होते, त्यांनी तो परत ढकलला. शिवेवर दोन्ही गावांची डोकी फुटली आणि गाडा तिथंच आडवा पडून राहिला. पटकीला गाड्याची गरज नव्हतीच. मास्तर घरोघर ओरडत फिरत होते की पाण्यात डोळ्यांना न दिसणारे किडे असतात, पाणी उकळून प्या. शाळेच्या ओसरीत त्यांनी तीन दगडांवर हंडाच चढवून ठेवला होता, कुणीही या आणि न्या म्हणून. कुणी येत नव्हतं. पाण्याला दुधासारखं तापवतात का कुठं, असं बायका म्हणायच्या.

मग सुंदररावांचा तो नातू गेला. सकाळी खेळत होता, दुपारी डोळे खोल गेले आणि ऊन उतरायच्या आत संपला. सुंदरराव तसे वाईट नव्हते. पण एकुलत्या एका नातवाला मातीत ठेवून आलेला म्हातारा न्यायानं वागेल, ही अपेक्षा देवानंही करू नये. मास्तर म्हणतो पाण्यात किडे आहेत. किडे तर आपण सगळ्यांनी डोळ्यांनी पाहिलेत, हिरवे, चालणारे. दोन खऱ्या गोष्टी शेजारी ठेवून गावानं त्यातून एक खोटी गोष्ट तयार केली. आता किडे विहिरीत टाकले कुणी एवढंच उरलं. गावोगावच्या विहिरींत उतरतो कोण? आश्रुबा. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, ती ही.

त्या विहिरीचं पाणी त्या दिवसापासून बंद झालं. बायका लांब ओढ्याच्या वाळूत झिरे खणून वाटीवाटीनं घागरी भरायला लागल्या. आणि परगावच्या विहिरी उपसून आश्रुबा आठ-दहा दिवसांनी परतला, त्याला दुसऱ्याच सकाळी मळ्यात ओढत आणलं.

मोटेच्या दोरानं त्याला आधी फोडून काढलं. तो हात जोडत होता, तर जोडलेल्या हातांवर कुणीतरी कुऱ्हाडीचा दांडा घातला आणि डावं मनगट मोडलं. मग काखेतून जाड नाडा आवळून त्याला विहिरीत सोडला. चंद्रभागाबाई विळा घेऊन धावत आली. पाटलांचा गडी बंकट आडवा आला, त्याचा हात तिनं कोपरापासून मनगटापर्यंत उभा चिरला. पाटलांचं काळं कुत्रं कुणीतरी तिच्यावर सोडलं, त्यानं पोटरीचा लचका तोडला. चौघांनी तिला खाली दाबली. बंकटनं रक्ताळल्या हाताचीच मूठ तिच्या तोंडावर मारली, पुढचे दोन दात आत गेले. ते ती थुंकली आणि पुन्हा शिव्या द्यायला लागली.

सुंदरराव काठावर उभे होते. आवाज चढवला नाही. म्हणाले, "समदं गवत उपसून दे, आश्रुबा. भिंगात जवर एक पान निर्मळ दिसत न्हाई, तवर तू वर यायचा न्हाईस."

मास्तर मधे पडले, तर त्यांच्याही थोबाडीत बसली आणि नाकातून रक्त आलं. त्यांना टेबलाशी बसवलं, खुर्दबीन पुढं ठेवली. आश्रुबा खालून धड असलेल्या उजव्या हातानं गवत तोडून पोहऱ्यात घालायचा, पोहरा वर यायचा. पण त्या गवताला बोट लावायला गावात कुणी धजेना. नांगर धरणारे, माणूस मारायला निघालेले बाप्ये चार हात मागं सरकले. तेव्हा पाटील म्हणाले, सोडा तिला, तिच्याच नवऱ्याचं पीक हाय, ती वाहील. अशी पानं न्यायची कामगिरी चंद्रभागाबाईकडं आली.

ती काठावरून एक पान उचलायची, शाळेच्या ओसरीवरून लंगडत टेबलाशी न्यायची. मास्तर ते काचेवर ठेवायचे. सुंदरराव स्वतः वाकून डोळा लावायचे. "फिरत्यात." एवढंच म्हणायचे. आणि प्रत्येक वेळी काठावरची माणसं आत दगड टाकायची. दगड पाण्यात पडला की धप्पकन आवाज यायचा. कधी आवाज निराळा यायचा आणि पाठोपाठ आश्रुबाचं कण्हणं. पान नेताना चंद्रभागाबाई त्या आवाजाची वाट बघायची. पाण्याचा आला तर तिचा श्वास सुटायचा.

ऊन डोक्यावर आलं. खालून हाक मारणंही बंद झालं होतं, फक्त नाडा अधूनमधून हलायचा. मास्तर काच पुसत होते आणि रडत होते. चंद्रभागाबाई जवळ उभी होती म्हणून तिला ते ऐकू आलं. बाकी कुणाला नाही. मास्तर स्वतःशीच पुटपुटले, "जीव आहे तोवर फिरणारच ते. मेल्याशिवाय कसे थांबतील?"

ती वळली. काठावर गेली. एक पान उचलून उजव्या मुठीत धरलं. येताना ओसरीत हंडा खदखदत होता. तिची पाठ गावाकडं होती. तिनं मूठ मनगटापर्यंत त्या हंड्यात घातली आणि धरून ठेवली. पायाला ठेच लागली तरी अर्धं गाव गोळा करणारी बाई, पण तेव्हा तिच्या तोंडून हूं की चूं निघालं नाही. फुटलेला ओठ उरलेल्या दातांनी पुन्हा फोडला तेवढाच. मग हात पदराखाली घेतला आणि डाव्या हातानं पान टेबलावर ठेवलं.

मास्तरांनी डोळा लावला. खोल्या तशाच होत्या, भिंती तशाच. दाणे मात्र जागच्या जागी ढीग होऊन पडले होते. मास्तरांनी वर पाहिलं, पदराखालून टपकणारं पाणी पाहिलं, आणि त्यांना सगळं समजलं. ते म्हणाले, "पाटील, बघा."

सुंदररावांनी फार वेळ बघितलं. "थांबले," म्हणाले. "मेले समदे." आणि तो म्हातारा तिथंच मातीत बसून मोठ्यानं रडायला लागला, नातवाचं नाव घेऊन. किडे मेले म्हणून पोर थोडंच उठून येणार होतं, हे त्याला तेव्हा कळलं असावं. इकडं माणसांनी नाडा ओढला. आश्रुबा वर आला तो निळाकाळा पडलेला, डोक्याला दोन ठिकाणी खोक, पण जिवंत. चंद्रभागाबाईनं त्याला पाठुंगळी घेतला आणि घरी नेला. तिला तेव्हा वाटलं की आपण जिंकलो.

जिंकली ती खरी, पण वाडी मरायला लागली. विहीर निर्मळ झाली, भिंगानंच कौल दिला, मग ओढ्यापर्यंत पाय कशाला तोडायचे? सगळ्या घागरी पुन्हा विहिरीवर. झिऱ्यांचं पाणी पीत होते तेवढे दिवस पटकी जरा सुस्तावली होती, ती पुन्हा पेटली. कुणाला त्याचा मेळ लागेना. मास्तरांना लागला. ते आश्रुबाच्या झोपडीत आले आणि म्हणाले की मी गावाला खरं सांगणार, ते पान उकळलेलं होतं.

तिचा उजवा हात चिंध्यांत गुंडाळलेला होता. डाव्यानं तिनं विळा उचलला आणि मास्तरांच्या गळ्याला लावला. "मास्तर, बोललात तर ह्याला परत विहिरीत सोडत्याल. त्याच्या आदी तुमचा गळा कापीन." मास्तर म्हणाले, लोक मरतील. ती म्हणाली, मरू देत. आणि ते तिनं मनापासून म्हटलं होतं. ज्यांनी दगड टाकले त्यांच्यासाठी तिच्या डोळ्यात एक टिपूस नव्हतं, आणि का असावं? मास्तर गळा चोळत परत गेले ते गावात काही बोलले नाहीत.

पण पाटलांच्या वाड्यात त्यांची सून होती, जानकीबाई. तिचंच ते पोर गेलेलं. ती सासऱ्याला न विचारता मागच्या वाटेनं यायची, कोरफडीचा गर आणायची आणि चंद्रभागाबाईच्या भाजलेल्या हाताला लावायची. हात कशानं भाजला हे तिनं विचारलं नाही. स्वतःच्या पोराबद्दल बोलली नाही. गर लावताना फुंकर घालायची तेवढी. एक दिवस ती आली नाही, आणि दुपारी मळ्याच्या वाटेनं तिची तिरडी गेली. चंद्रभागाबाई दारात उभी होती. "मरू देत" हे आता तिला म्हणता येईना. ती खाली बसली आणि भाजल्या हातानं स्वतःचं कपाळ बडवून घेतलं. जानकीबाईला आपण पाणी पाजून मारलं, असंच तिला वाटलं, आणि ते काही अगदीच खोटं नव्हतं.

खरं सांगावं तर नवरा जातो. गप्प बसावं तर जानकीबाईसारख्या जातात. बाई शिकलेली नव्हती, पण तिला मारामारी येत होती. तिनं आपल्याला येत होतं तेच केलं.

भर दुपारी, पाटलांचे गडी जेवायला बसलेले असताना, ती मळ्यात शिरली. काळं कुत्रं भुंकत अंगावर आलं. तिनं डाव्या हातानं मुसळ घातलं. पहिला घाव खांद्यावर बसला आणि कुत्रं तिच्या मांडीला लोंबकळलं. दुसरा, तिसरा डोक्यात. ते धडपडायचं थांबेपर्यंत ती मारत राहिली. मग त्याच्या तंगडीला धरून फरफटत विहिरीपर्यंत नेलं. आपल्या जातीनं मेलेल्या जनावराला हात लावायचा नसतो, हे तिला सांगायला त्या वेळी कुणी नव्हतं. गडी ओरडत धावले तेव्हा ती काठावर होती. सगळ्यांच्या देखत तिनं ते आत ढकललं आणि म्हणाली, "तुमच्या पाटलाचं हाय. प्या आता."

गावाला दुसरं काय वाटणार? नवऱ्याचा सूड घेतला असंच वाटलं. त्यातही थोडं खरं होतं. मुसळ चालवताना तिला बरं वाटलं होतं, हे तिनं कधी नाकारलं नाही. त्या दिवशी तिला जे मारलं ते लिहवत नाही. पाटलांनी स्वतः लाथ घातली तेव्हा बरगडी मोडल्याचा आवाज बाजूच्यांना ऐकू आला. बायकांनी केस कापले. डावा गुडघा दगडानं ठेचला, तो पुढं कधी वाकला नाही. वेशीपर्यंत ओढत नेऊन टाकली. ती काही बोलली नाही. तोंड उघडलं की आश्रुबा जाणार, हे एकच तिनं धरून ठेवलं होतं. हिवरवाडीनं ती बाई गप्प राहिलेली पहिल्यांदाच पाहिली.

बाटलेल्या विहिरीचं पाणी पुन्हा बंद झालं. घागरी ओढ्यावर गेल्या. पण कुत्रं काढायला कुणीतरी पाहिजे होतं, आणि विहिरीत उतरायला आश्रुबाशिवाय होतं कोण? पाटलांचं बोलावणं आलं. त्याच्या मनगटाला अजून बांबूच्या कामट्या बांधलेल्या होत्या. तो बायकोजवळ बसला. मार खाताना त्यानं गावाला "असं का केलंत" म्हणून विचारलं नव्हतं, पण विहिरीसाठी विचारलं.

"कावून केलंस ग?"

तेव्हा तिनं सांगितलं. पान, हंडा, हात, मास्तर, जानकीबाई, सगळं. ओठ सुजले होते, शब्द नीट फुटत नव्हते, तरी सांगितलं. तिच्या भाजलेल्या हाताची सोलवटलेली बोटं आश्रुबानं एकेक करून उलगडून बघितली. मग उठला, विहिरीवर गेला, वहाणा काढल्या, हात जोडले आणि उतरला.

कुत्रं त्यानं त्याच दिवशी वर दिलं. लोकांना वाटलं, झालं. तर म्हणाला, पाणी समदं उपसावं लागंल. मोट लावून पाणी उपसलं. म्हणाला, गाळात वास मुरलाय. गाळ काढला. म्हणाला, आता कपारी खरवडायला पायजेत. एका सकाळीत विहीर लख्ख करणारा माणूस, पण ज्येष्ठ सरायला आला तरी त्याचं काम सरेना. लोक चिडले. बायकोसारखाच डुख धरून बसलाय म्हणाले. बंकटनं एकदा वरून ढेकूळ मारलं, ते त्याच्या कानाला लागून रक्त आलं. त्यानं ओंजळीनं धुतलं आणि पुन्हा कपारी खरवडायला लागला. गाव शिव्या घालत ओढ्याचं पाणी पीत होतं. तिरड्या कमी झाल्या, मग अधूनमधून एखादी, मग आठ-आठ दिवस एकही नाही. त्याचा आणि विहिरीचा संबंध कुणी लावला नाही, आणि पुढंही लावला नाही. चंद्रभागाबाई त्यानंतर फार वर्षं जगली, एक पाय ओढत. विहीर बाटवणारी हेच तिचं नाव झालं. कोळ्याच्या घरची असून तिच्या हातचं पाणी गावात मरेपर्यंत कुणी घेतलं नाही.

त्याच ज्येष्ठाच्या शेवटी एकदा सुंदरराव स्वतः काठावर आले. त्यांनी खाली वाकून विचारलं, "एका कुत्र्यापायी इतका येळ, आश्रुबा? अजून किती?"

खाली नवं पाणी कमरेइतकं चढलं होतं. आश्रुबा त्यात उभा होता आणि ते इतकं स्वच्छ होतं की पायाची बोटं त्याला मोजता आली असती. त्यानं वर पाटलांकडं बघितलं.

"अजून घाण हाय, पाटील," तो म्हणाला.